बाहेर जाण्याचा मार्ग डावीकडे आहे

आमच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत मी बसतो. बसतो म्हणजे नुसता बसत नाही. गाड्या येतात-जातात त्या माझ्या आवाजावर. ड्रायव्हर गाडी चालवतो वगैरे ठीक आहे, पण मी माइकवरून 'सुटत आहे' म्हटल्याशिवाय आमच्या आगारातून एकही गाडी सुटलेली नाही. एक सुटली होती, तिला चौकातून परत आणून पुन्हा रीतसर सोडण्यात आली. गावात मला नावाने कोणी ओळखत नाही. बाजारात मी कांद्याचा भाव विचारला, की भाजीवाली मान वर न करता म्हणते, "काय हो, आज सकाळची उशिरा का सुटली?" आवाजावरून ओळख पटण्याचा हा मान आमच्या गावात माझ्याशिवाय फक्त पिठाच्या गिरणीला आहे.

आणखी एक. 'माहीत नाही' हे शब्द त्या खिडकीतून आजवर बाहेर गेलेले नाहीत. माणूस चौकशीला येतो. त्याला 'माहीत नाही' असंच सांगायचं असेल तर तिथे खिडकी हवी कशाला, भिंत चालली असती की. मला जे माहीत असतं ते मी सांगतो, आणि जे माहीत नसतं ते जरा जास्त ठामपणे सांगतो.

मोठ्या शहराची गाडी हा तर माझा खास विषय. कुठली लॉज स्वच्छ, कुठल्या पुलाखाली कपडे स्वस्त, मोठ्या इस्पितळात केसपेपर कुठे काढायचा, सगळं लोक मला विचारून जातात. त्या गाडीच्या निवेदनाला मी माझ्या पदरचं एक वाक्य जोडलेलं आहे: 'प्रवाशांनी मोठ्या शहरात उतरल्यावर डावीकडे वळावे. बाहेर जाण्याचा मार्ग डावीकडे आहे.' हे वाक्य नियमात नाही, वरून आलेलं नाही, त्याचा मला भत्ता मिळत नाही. निव्वळ जनसेवा.

आता एक किरकोळ बाब. मी स्वतः मोठ्या शहरात कधी गेलेलो नव्हतो.

हसू नका. मला गाडी लागते. पहिलं वळण आलं की पोटात कालवाकालव, दुसऱ्याला डोळ्यांपुढे अंधारी आणि तिसऱ्याला शेजारचा प्रवासी जागा बदलून घेतो. बसखात्याच्या माणसाला बस लागते हे जगजाहीर करण्यासारखं नाही. ही गोष्ट फक्त आईला ठाऊक होती. शहराची माझी सगळी माहिती ड्रायव्हर, कंडक्टर आणि परत आलेले प्रवासी यांच्याकडून गोळा केलेली, पण ती इतकी वर्षं इतक्या लोकांना सांगून झाली होती, की मलाच कधीकधी आपण तिथे राहून आल्यासारखं वाटायचं.

तर माझं लग्न ठरलं. मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर लोकांना सुया टोचत असल्यामुळे बोलणं सरळ आणि हात हलका. दोन्ही घरची माणसं समोर बसलेली असताना तिने मला एकच प्रश्न विचारला, "मोठं शहर तुम्हाला चांगलं माहीत असेल ना?"

"तळहातासारखं," मी खिडकीतल्या आवाजात म्हणालो.

"मग लग्नानंतर मला दाखवाल?"

"त्यात काय!"

आई तिकडे उगाचच खोकली. मी लक्ष दिलं नाही. मुलगी हसली, आणि त्या हसण्यावर मी काय काय कबूल केलं असतं याचा नेम नव्हता. नशीब, तिने पुढे फार मोठं काही मागितलं नाही. म्हणाली, "मला काही खरेदी-बिरेदी नको. तिथे म्हणे दुमजली बस असते. तिच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेपाशी बसायचंय. लहानपणापासून मनात आहे."

मी जरा हिरमुसलो. मी मनात उंच इमारती, बागा, संग्रहालयं असा जंगी बेत मांडत होतो आणि ही बाई बसवाल्याशी लग्न करून शहरात जाऊन काय बघणार, तर बस! पण बायकोची पहिली मागणी म्हणून मी ती मान्य केली. त्या दिवशी मला एवढंच कळलं होतं, की आता काहीही करून तिच्यासमोर आपली शोभा होता कामा नये. नव्या बायकोने नवऱ्याला पहिल्यांदा नीट पाहावं आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घालून बसलेला असावा, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

लग्न झालं आणि हनिमूनची तयारी सुरू झाली. 'हनिमून' शब्द आमच्या घरात कोणी मोठ्याने उच्चारत नव्हतं. आई 'हवापालट' म्हणायची. शेजारचे काका, जे टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून आमच्या घरातला सगळा व्यवहार स्वतःच्या अंगावर घेतात, ते त्याला 'तुमचा तो दौरा' म्हणायचे. दोन खोल्यांचं आमचं घर, त्यात पाहुणे अजून हललेले नव्हते. आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायचं असलं की मी "पाणी आण गं" म्हणायचो आणि ती पाणी आणेपर्यंत जे काय बोलणं होईल ते. मी त्या आठवड्यात इतकं पाणी प्यालो की काकांनी मला साखर तपासून घ्यायला सांगितलं. त्यामुळे हे दोन-तीन दिवस आम्हाला किती हवे होते, हे वेगळं सांगायला नको.

काकांनी सल्ल्याची सुरुवात खोलीपासून केली. "लेका, खोली घेताना वरच्या मजल्यावरची घेऊ नकोस. पाणी चढत नाही."

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खालची मुळीच घेऊ नका. लोक डोकावतात."

मधल्या मजल्यावर दोघांचं एकमत झालं, पण मधल्या मजल्यावर आवाज फार येतो असं आईने कुठेतरी ऐकलं होतं. हा वाद जेवणाच्या वेळेपर्यंत चालला. शेवटी मी म्हणालो, "मला शहर माहीत आहे. मी बघतो काय ते." त्यावर तिघेही एकदम गप्प झाले आणि काका म्हणाले, "हो हो, तुला काय सांगायचं! तू सांगितलंस तसाच मी मागच्या खेपेला डावीकडे वळलो. फार सोयीचं पडलं." वहिनींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, गहिवरल्या.

खरा प्रश्न खोलीचा नव्हताच, गाडीचा होता. मी ठरवलं, ट्रेनने जायचं. ट्रेन सरळ जाते, तिला वळणं कमी, खिडकी मोठी. कोणाला न सांगता मी रेल्वेच्या तिकीट खिडकीवर गेलो. आवाज बदलून, शक्य तितका खोल काढून म्हणालो, "दोन तिकिटं द्या."

आतला बुकिंग क्लार्क मोजत होता ते बाजूला ठेवून उठून उभा राहिला. "अहो, तुम्ही? चौकशीवाले? आणि आमच्याकडे?" त्याने आतल्या दोघांना हाक मारली. "अरे, बसवाले ट्रेनने निघालेत!"

मी म्हणालो, "सहज आलो होतो." तिकीट न घेता, छाती पुढे काढून बाहेर पडलो. पण व्हायचं ते झालं. मी सायकलवरून आगारात पोचायच्या आत बातमी तिथे पोचली होती. रेल्वेची कुठलीही गोष्ट वेळेआधी पोचल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

मॅनेजरसाहेबांनी मला आत बोलावलं. साहेब रागावले नव्हते, दुखावले होते, आणि ते फार वाईट दिसतं. म्हणाले, "इतकी वर्षं लोकांना आमच्या गाडीत बसा म्हणून सांगता, आणि स्वतः लग्न झाल्या झाल्या ट्रेनने? उद्या हॉटेलवाला शेजारच्या हॉटेलात जेवायला बसला तर लोक काय म्हणतील?"

"साहेब, मी फक्त वेळ विचारायला..."

"वेळ? तुम्ही? दुसऱ्याच्या खिडकीवर?" साहेबांनी माझा रजेचा अर्ज पुढ्यात ओढला. "रजा मंजूर. पण जाणार आपल्या गाडीने. आगाराच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

"जी साहेब," मी म्हणालो. पोटात तिथेच पहिलं वळण आलं.

रजा मंजूर झाली म्हणजे संपलं असं समजू नका. माझ्या जागी बोलणार कोण हा पेच उभा राहिला. साहेबांनी चाचणी घ्यायचं ठरवलं. एका कंडक्टरने माइक हातात घेतल्यावर सवयीने "पुढे सरका, पुढे सरका" एवढंच सुरू केलं आणि फलाटावरचे लोक सरकत सरकत स्वच्छतागृहापर्यंत गेले. कॅशियर बोलला, पण इतका दबकत की एका म्हाताऱ्याने खिडकीशी येऊन "बरं नाही का?" म्हणून विचारलं. मी बाजूला उभा राहून हे सगळं पाहत होतो. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं. शेवटी साहेब हरले. माझी सगळी निवेदनं टेप करून ठेवायची आणि मी नसताना टेप वाजवायची असं ठरलं. मी दार बंद करून, गुळण्या करून, सगळ्या गाड्या एकामागून एक सोडल्या. मोठ्या शहराच्या गाडीला तर माझा आवाज असा काही लागला, की टेपवाला म्हणाला, "या गाडीत बसावंसं वाटतं हो."

"तुम्ही बसा," मी म्हणालो.

निघायच्या दिवशी आम्ही स्थानकावर आलो तेव्हा गाडी सजवलेली होती. आगाराच्या मंडळींनी वर्गणी काढून फुगे, रंगीत कागदाच्या पट्ट्या वगैरे लावल्या होत्या, आणि सगळ्यात मागच्या लांबलचक सीटवर पुठ्ठ्याची पाटी: 'नवदांपत्यासाठी राखीव'.

"मागची?" माझा आवाज चिरकला.

कंडक्टरने डोळा मारला. "पुढे सगळे मागे वळून बघतात. मागे बसलं म्हणजे कोण बघतंय? तुमच्यासाठी मुद्दाम!"

मागची सीट म्हणजे काय ते गाडी लागणाऱ्यालाच विचारावं. पुढच्या चाकाला खड्डा लागतो तेव्हा ड्रायव्हरला तो समजतो, आणि मागच्या सीटवरचा माणूस टपाला लागतो. पण मंडळी इतक्या प्रेमाने उभी होती की मी हसून हात जोडले. आई निरोपाला आली होती. तिने सुनेला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मी विचारलं तर बायको म्हणाली, "काही नाही हो, जपून जा म्हणाल्या."

गाडीत बसताच तिने पर्समधून एक गोळी काढून माझ्या हातावर ठेवली.

"ही कसली?"

"ताकदीची. आमच्या लॅबमधले डॉक्टर लग्न झालेल्या सगळ्यांना देतात." तिने इतक्या सहज सांगितलं की मी गोळी गिळली आणि मनात म्हणालो, बघा, किती काळजी घेते.

तेवढ्यात माइकवरून माझा आवाज आला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे..." अहाहा! इतकी वर्षं मी खिडकीच्या आतून बोलत होतो, बाहेर उभं राहून कधी ऐकलंच नव्हतं. काय तो खर्ज, काय ते थांबणं! अख्खी गाडी गप्प बसून ऐकत होती. "...उतरल्यावर डावीकडे वळावे. बाहेर जाण्याचा मार्ग डावीकडे आहे." बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझी मान आपोआप ताठ झाली. गाडी सुटली, मी दोन्ही हातांनी पुढचा दांडा घट्ट धरला आणि पहिल्या वळणाची वाट पाहू लागलो.

पुढचं मला काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी थांबली होती, माझं डोकं बायकोच्या खांद्यावर होतं आणि तिचा खांदा ओला झाला होता.

"आलं?" मी म्हणालो.

"आलं," ती म्हणाली. "मस्त झोपलात."

मला गाडी लागली नव्हती! मी जागच्या जागी स्वतःचं पोट चाचपून पाहिलं, शांत. इतक्या वर्षांची भीती मी नुसत्या मनाच्या बळावर जिंकली, असं समजून मी जो खाली उतरलो तो कोणीतरी मोठा अधिकारी उतरतो तसा. खाली सगळे प्रवासी सामान घेऊन उभे होते. त्यांच्यातले कित्येक जण पहिल्यांदाच आलेले. साक्षात मी त्यांच्या गाडीत असताना ते स्वतःहून कसे निघतील?

"साहेब, कुठे जायचं?" एका आजीबाईंनी विचारलं.

"डावीकडे!" मी हात उंचावून म्हणालो आणि पुढे झालो. पाठीमागे बायको आणि तिच्यामागे अख्खी गाडी. ट्रंका, पिशव्या, कडेवरची पोरं, असा आमचा लवाजमा त्या अवाढव्य स्थानकातून निघाला. लोक थांबून बघत होते. मला वाटलं, तिला वाटत असेल, काय नवरा मिळाला!

डावीकडे पार्सलचं गोदाम लागलं. गोदामाच्या पुढे मोडक्या हातगाड्या, आणि त्यांच्या पुढे भिंत. साधीसुधी नाही, चांगली उंच, वर काचा लावलेली. भिंतीला लागून एक चहाची टपरी होती आणि तिच्यापुढे बाकडी मांडलेली. इतक्या आडबाजूला इतकी बाकडी कशाला, असं माझ्या मनात येतं न येतं तोच टपरीवाला हातातलं फडकं झटकत पुढे आला.

"या, या! बसा. आज उशीर झाला गाडीला. दूध आटवून ठेवलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "घाबरू नका साहेब, तुमच्या गावची सगळीच इकडे येतात. दुसऱ्या गावचं माणूस सहसा चुकत नाही. तुमचीच गाडी आली की सगळी सरळ इथे, भिंतीपर्यंत. मग चहा पितात, दम खातात आणि उजवीकडून बाहेर पडतात. बाहेर जायचा रस्ता तिकडे आहे ना."

मी भिंतीवरच्या काचा मोजू लागलो.

"तुमच्या गावच्या स्टँडवर म्हणे कोणीतरी सांगतो," तो कप मांडत म्हणाला. "एवढ्या वर्षांत एकदाही चुकला नाही बघा, रोज डावीकडेच पाठवतो. माझी टपरी त्याच्यावर उभी आहे. पोरांची शिक्षणं झाली. माझी फार इच्छा आहे त्याला एकदा भेटायची. कोण आहे हो?"

सगळ्या गाडीने चहाच्या कपांत तोंडं घातली. आजीबाई तेवढ्या माझ्याकडे बघत राहिल्या. बायकोही बघत होती. मी खुणेनेच 'बघून येतो' असं सांगितलं आणि उजवीकडे सटकलो.

चूक कुठे झाली ते मला चालता चालता समजलं, आणि ती माझी नव्हती याचं समाधानही झालं. डावीकडे हे मला एका ड्रायव्हरने सांगितलं होतं, स्टिअरिंगवर बसून, तो बसतो त्या तोंडाने. पण मोठ्या शहरात गाड्या पाठ करून फलाटाला लावतात. प्रवासी उतरून मागे फलाटाकडे येतो म्हणजे त्याचं तोंड फिरतं, आणि ड्रायव्हरची डावी त्याची उजवी होते. या एका गोष्टीवर आमचं गाव वर्षानुवर्षं भिंतीवर जाऊन आदळत होतं.

हा विचार करता करता मी किती चाललो कोण जाणे. थांबलो तेव्हा चारही बाजूंना फलाट, सगळे सारखेच. टपरी नाही, भिंत नाही, बायको नाही. परत फिरलो तर भलतीकडेच आलो. एकाला विचारलं, त्याला घाई होती. दुसऱ्याला विचारलं, तोच मला रस्ता विचारू लागला. त्या एवढ्या मोठ्या शहरात मी तिला, नव्या नवरीला, सामानासकट एका भिंतीपाशी टाकून आलो होतो, आणि तिथला टपरीवाला तिला केव्हाही सांगू शकत होता की तुमचा नवरा पळाला. लाजबीज गेली बाजूला. मला ती हवी होती, बस्स.

आणि समोर चौकशीची खिडकी दिसली.

आतला माणूस निवेदन करत होता. निवेदन कसलं, तोंडातल्या तोंडात गुळण्या. 'फलाट' शब्दातला 'फ' तर बाहेर येतच नव्हता. मी जाळीला तोंड लावून म्हणालो, "माझी बायको हरवली आहे. जरा माइकवरून सांगता?"

"लहान मुलं हरवली तरच सांगतो," तो म्हणाला. "मोठ्यांसाठी पोलीस चौकी. आधी अर्ज करा, मग सही आणा."

"अहो, मी पण खिडकीतलाच आहे!" मी ओरडलो.

त्याने मान वर केली. ओरडण्याला तो दाद देत नव्हता, त्याला रोज सगळेच ओरडतात. पण 'खिडकीतलाच' म्हटल्यावर त्याने मला खालून वर पाहिलं. "किती गाड्या?"

"सगळ्या," मी म्हणालो.

त्याने दार उघडलं आणि माइक माझ्या पुढे सरकवला. आमच्या जातीच्या माणसांना जास्त बोलावं लागत नाही.

माइक हातात आला आणि माझे पाय जमिनीवर आले. पण सांगायचं काय? तिचं नाव घेऊन एवढ्या गर्दीत हाक मारायला जीभ रेटेना. मी चुकलो असं म्हणायचं तर चौकशी खात्याच्या इतिहासात तसं निवेदन कोणी केलेलं नाही. मी घसा साफ केला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. तांत्रिक कारणामुळे बाहेर जाण्याचा मार्ग डावीकडून उजवीकडे हलवण्यात आला आहे. डावीकडे भिंतीपाशी बसलेल्या प्रवाशांनी चहा संपवून उजवीकडे यावे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." मी क्षणभर थांबलो. "तसेच, मागच्या सीटवरील नवदांपत्यापैकी एक जण चौकशी खिडकीजवळ सापडला आहे. प्रकृती ठीक आहे. संबंधितांनी ओळख पटवून घेऊन जावे."

स्थानक शांत झालं, शपथ. खिडकीवाला टाचा उंचावून बाहेर बघत होता. मग गर्दीतून ती येताना दिसली, एका हातात माझी बॅग, एका हातात तिची, आणि हसून हसून डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागे आजीबाई, ट्रंका, पोरं, आणि सगळ्यांच्या मागे हातात किटली घेऊन टपरीवाला.

"हाच आमचा," ती खिडकीवाल्याला म्हणाली. "ओळख पटली."

टपरीवाल्याने माझा हात धरला. "तुम्हीच ते? हा आवाज?" तो भरून आल्यासारखा बघत राहिला, आणि एकदम त्याचा चेहरा पडला. "पण साहेब, रस्ता उजवीकडे हलवलात? मग माझं काय?"

यावर तोडगा सुचला तो बायकोला. ती माझ्या कानाशी येऊन काहीतरी बोलली. मी खिडकीवाल्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली, आणि मी पुन्हा माइक घेतला. "प्रवाशांनी नोंद घ्यावी. बाहेर जाण्याचा मार्ग उजवीकडे आहे. डावीकडे चहाची सोय आहे." तेच वाक्य आता आमच्या आगारातही आहे. आमची गाडी अजूनही आधी डावीकडेच जाते, आता माहीत असून.

संध्याकाळी आम्ही दुमजली बसमध्ये चढलो. वरचा मजला, अगदी पुढची काच, हवी होती तशी. ती लहान मुलीसारखी काचेला नाक लावून बसली होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुम्ही पहिल्यांदाच आलात ना इथे?"

"कोण म्हणतं?"

"आई. लग्नाआधीच म्हणाल्या, त्याला गाडी लागते आणि तो मेला तरी सांगणार नाही. गोळी तुझ्याजवळ ठेव."

म्हणजे मनाचं बळ वगैरे सगळं त्या गोळीत होतं. मी रुसून बाहेर बघू लागलो. "मग होकार कशाला दिलास? फसवलं म्हणायचंस."

"मी लॅबचा कोर्स करत होते तेव्हा रोज तुमच्या स्टँडवर बसायचे," ती म्हणाली. "गाडी उशिरा आली की सगळे चिडायचे. पण तुम्ही सांगायचात, आता फाट्यावर आली, आता पुलावर आली. मला घरी पोचायची काळजी वाटायची नाही. गाडी कुठे आहे हे तुम्हाला तरी कुठे दिसत होतं! पण कोणीतरी आपल्याला सांगतंय, एवढं पुरे व्हायचं. त्या आवाजाला मी हो म्हटलंय."

मी रुसवा सोडून तिच्याजवळ सरकून बसलो. मग आठवलं म्हणून विचारलं, "काका, वहिनी... सगळे भिंतीपर्यंत जाऊन आले. एकानेही मला सांगितलं नाही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"अख्ख्या गावाने?"

"अख्ख्या गावाने."

खरं सांगतो, खात्याने मला कधी बक्षीस दिलं नाही, पण त्या क्षणी माझी छाती अशी भरून आली की शर्टाची बटणं ताणली. कुठल्या अधिकाऱ्यासाठी कुठलं गाव इतकी वर्षं मुकाट्याने उलट्या दिशेला गेलंय, सांगा!

बस वळली. पुढे दिव्यांनी भरलेला एक प्रचंड रस्ता उघडला. ती पुढे वाकून म्हणाली, "अहो, ते डावीकडे काय आहे?"

मी पाहिलं. काहीतरी उंच, झगमगतं होतं. माझ्या तोंडात ठाम उत्तर तयारच होतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "चल, उतरून बघू."